शुंबा हसला नाही

साहविराला कुणी नुसतं 'मित्र' म्हटलं की जायरोस चिब्वुरीचं टाळकं सटकायचं. मित्र काय, बसस्टँडवरही मिळतो. साहविरा आजोबांकडून येतो, जमिनीसारखा. जायरोसच्या आजोबांनी त्याचा साहविरा फिनियस याच्या आजोबांना पुरलं होतं, फिनियसच्या बापाने जायरोसच्या बापाला पुरलं होतं. आता पुढचा नंबर कुणाचा, यावरून दोघं तीस वर्षं एकमेकांना चिडवत आले होते.

साहविराला अधिकार मोठे. तो घरात शिरून न विचारता हंडीतलं मांस उचलतो, बायकोसमोर नवऱ्याची लाज काढतो आणि कुणी रागवायचं नाही. ज्या गोष्टी सख्ख्या भावालाही बोलता येत नाहीत त्या त्याने बोलायच्या, मात्र थट्टेत. आणि सगळ्यात मोठा अधिकार शेवटचा. माणूस गेला की साहविराने त्याचा कोट चढवायचा आणि शवपेटीसमोर त्याची नक्कल करायची. तो कसा चालायचा, कसा खोटं बोलायचा, कसा घोरायचा. रडून दमलेल्या माणसांना हसवायचं आणि स्वतः रडायचं नाही. रडला तो साहविरा कसला!

जायरोसची मास्विंगोच्या बाजारात शाळेचे गणवेश शिवायची टपरी होती. मशिनवर पाय हलत असताना डोक्यात फिनियसची नक्कल चाललेली असायची. मटणाचा दुसरा तुकडा मागण्याआधी फिनियस तीनदा घसा खाकरतो, ते. चर्चमध्ये डुलकी लागते आणि जाग आली की भलत्याच वेळी मोठ्याने 'आमेन' म्हणतो, ते. आणि त्याच्या लग्नातली गाय. सासऱ्याला द्यायची गाय दोरी तोडून अंगावर आली तेव्हा नवरदेव नव्या सुटाबुटात झाडावर चढला होता. पाहणारा जायरोस एकटा. सत्तावीस वर्षं त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. मुरंब्याची बरणी वरच्या फळीवर ठेवावी तशी ठेवली होती, त्या दिवसासाठी.

फिनियसचं देवक माकडाचं, म्हणून जायरोस त्याला सोको म्हणायचा. जायरोसचं सिंहाचं, म्हणून तो शुंबा. एकमेकांची खरी नावं त्यांनी कित्येक वर्षांत घेतली नव्हती.

तर हा सोको पन्नाशीला पोचला आणि त्याचं डोकं फिरलं. चोवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. एका सकाळी नोकरी सोडून आला, दाढी काळी केली, व्यायामशाळेत नाव घातलं आणि जपानहून आलेली लाल रंगाची जुनी गाडी घेतली. गावाने वर्षभर तोंडसुख घेतलं. मग फिनियसने आणखी कहर केला. स्वतःच्या या वेडेपणावरच एकपात्री खेळ लिहिला. 'पन्नाशीचं माकड' असं नाव दिलं आणि रविवारी दुपारी तीनला गावातलं जुनं सभागृह घेतलं.

"शुंबा, तू पहिल्या रांगेत बसायचं," आदल्या आठवड्यात तो टपरीवर येऊन म्हणाला. "बाकी सगळे हसले आणि तू नाही हसलास तर मी पडलो म्हणून समज."

"तुझ्या तोंडाकडे बघून मी रोजच हसतो. तिकीट कशाला काढू?"

"चेष्टा नको रे. तू हसलास तरच खरं."

बोलता बोलता त्याने पिशवीतून पँट काढली. कंबर आवळायची होती, तीन महिन्यांत तिसऱ्यांदा. जायरोसने टेप लावला आणि म्हणाला, "सोको, व्यायाम पुरे कर. पुढच्या वेळी उरलेल्या कापडात तुझ्या बायकोचा ब्लाउज निघेल." फिनियस पोट धरून हसला. मग जरा बसू दे म्हणाला आणि बाकड्यावर बराच वेळ बसून राहिला.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. फिनियसचे जुने विद्यार्थी, चर्चमधली मंडळी, व्यायामशाळेतली दांडगी पोरं, सगळे आले. पहिल्या रांगेत फिनियसची बायको, तिला सगळे कुंडाईची आई म्हणायचे. तिच्याशेजारी झाका या मूळ गावाहून मुद्दाम आलेली फिनियसची एस्नाथआत्या आणि आत्याच्या बाजूला जायरोस, इस्त्रीच्या शर्टात.

फिनियस मंचावर आला. नुसता चालत आला, एक हात पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताचं कोपर धरून. सभागृह फुटलं. गावातली निम्मी माणसं ती चाल बघत बघत शाळा शिकली होती.

"पहाटे चारला जाग आली," तो म्हणाला. "बायकोला उठवलं. म्हटलं, अगं, आयुष्य म्हणजे एवढंच का? ती म्हणाली, एवढंच कसं? नळाला पाणी आलंय, पिंपं भरायचीत."

बायका टाळ्या पिटायला लागल्या. कुंडाईच्या आईने तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते.

गाडीची गोष्ट आली. गाडी जपानी बोलते, ब्रेक दाबला की आतून एक बाई काहीतरी म्हणते. "आवाजावरून रागावलेली वाटते. घरी एक, गाडीत एक, दोघींचं काय चुकलं तेच मला कळत नाही." व्यायामशाळेतला शिकवणारा मुलगा 'म्हातारबा, हळू' म्हणतो. प्रार्थनेत घाम आला आणि दाढीचा काळा रंग पांढऱ्या कॉलरवर उतरला, तेव्हा पाद्रीबुवा म्हणाले, पाप असं बाहेर येतं. मग छोट्या घराची गोष्ट. आमच्याकडे बाहेर ठेवलेल्या बाईला छोटं घर म्हणतात. आपल्यालाही एक असावं म्हणून हा केस कापणाऱ्या एका मुलीकडे नटूनथटून गेला. तिने ओळखलं, सर! आणि धाकट्या भावाची भूगोलाची वही पुढे केली. "रात्री आठपर्यंत नद्या भरून घेतल्या. छोट्या घरात मोठी शाळा."

माणसं खुर्च्यांवरून घसरत होती. मागे कुणाला तरी उचकी लागली. जायरोसही हसला, इथपर्यंत. खोटं कशाला बोलायचं?

मग फिनियसने तीनदा घसा खाकरला आणि हात पुढे केला, मटणाचा तुकडा मागावा तसा.

जायरोस हसायचा थांबला.

पुढे चर्चमधली डुलकी आली, 'आमेन' आलं, अगदी त्या भलत्या ठिकाणी. लोक पाय आपटत होते. एकेक करून जायरोसच्या फळीवरच्या बरण्या खाली येत होत्या आणि मालक स्वतःच त्या फोडत होता. आत्याने त्याचा दंड धरला.

"जायरोस, मेलंय कोण?"

"कुणी नाही, आत्या. खेळ आहे हा. शहरात असाच असतो."

"जिवंत माणूस आपली नक्कल कशाला करेल रे? हे तुझं काम ना?"

"तेच म्हणतोय मी," जायरोस दात ओठ खाऊन म्हणाला. म्हातारीने काय विचारलं आणि आपण काय ऐकलं, हा हिशोब त्याला पुढे कितीतरी दिवस करायचा होता.

तेवढ्यात गाय आली. नवा सूट, तुटलेली दोरी, झाड, सगळं. फिनियस मंचावरच्या खुर्चीवर चढला आणि नवरदेवाच्या आवाजात ओरडला, "सासरेबुवा, गाय पोचली! जावई वर आहे!" दोनशे माणसं एकदम उभी राहिली. खुर्चीवरून फिनियसने थेट पहिल्या रांगेत पाहिलं, जायरोसकडे. जायरोसने हाताची घडी घातली आणि भिंतीकडे बघत बसला. सत्तावीस वर्षं जपलेली वस्तू दिवसाढवळ्या लुटली जात होती आणि लुटणारा वर दाद मागत होता.

फिनियस खुर्चीवरून उतरला, जरा सावकाश. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"शेवटी डॉक्टरकडे गेलो," तो म्हणाला. "म्हणाले, सर, तुमच्या यकृतात पाहुणा आलाय. म्हटलं, कधी जाणार? म्हणाले, जाईल तेव्हा तुम्हाला घेऊनच जाईल. म्हटलं, मग ओळखलं, बायकोच्या माहेरचा आहे."

दुपारभरातलं सगळ्यात मोठं हसू यावर निघालं. जुने विद्यार्थी शिट्ट्या मारत होते. कुंडाईची आई मात्र मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. जायरोस भिंतीकडेच बघत होता. थट्टेत खरं बोलायची रीत ज्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्यालाच त्या दिवशी थट्टा ऐकू आली नाही आणि खरंही.

खेळ संपल्यावर तो निघूनच जाणार होता. पण लोकांनी ढकलत ढकलत त्याला मंचामागच्या खोलीत नेलं. "साहविरा आला, साहविरा आला, वाट द्या!" फिनियस घामाने निथळत खुर्चीवर बसला होता, माणसं त्याच्याबरोबर फोटो काढत होती. जायरोसला पाहताच त्याने सगळ्यांना हाताने बाजूला केलं.

"शुंबा, हसलास का?"

जायरोसने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझ्या तोंडचा घास काढलास तू, सोको. एक शब्द ठेवला नाहीस माझ्यासाठी. ठीक आहे. आता मेलास की मला बोलावू नकोस. स्वतःच ऊठ, स्वतःच नाच, स्वतःच खड्ड्यात जाऊन पड."

खोलीत एकच हशा पिकला. कुणी जायरोसच्या पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, ही खरी जोडी, यांचाच खेळ लावायला हवा. साहविराच्या तोंडून शिवी ऐकायला मिळाली म्हणून सगळे खूश. फिनियसही हसत होता. पण तो जायरोसच्या डोळ्यांकडे बघत होता आणि त्या डोळ्यांत थट्टा नव्हती, एवढं त्याला कळलं असणारच. जायरोस वळला आणि बाजारातून पायी घरी गेला.

सात आठवडे तो फिनियसकडे फिरकला नाही. पाचव्या आठवड्यात कुंडाईची आई टपरीवर आली, तीच पँट घेऊन. कंबर आणखी आवळायची होती.

"त्याला स्वतः यायला काय झालं?" जायरोसने मशिन न थांबवता विचारलं.

"त्यांना बरं नाही, भाऊजी."

"आता नट झालाय ना तो. नटांना असतंच काहीतरी. ठेवा तिथे, शाळा सुरू होतायत, गणवेशांचा ढीग पडलाय."

तिने दारातूनच आत पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मग पँट बाकड्यावर ठेवून ती गेली. पँट तिथेच पडून राहिली, तिच्यावर दुसरे कपडे आले. जायरोसला वाटत होतं, सोको स्वतः येईल, शिव्या देईल, आपण परत शिव्या देऊ आणि मग सगळं पहिल्यासारखं होईल. रुसलेल्या माणसाला समोरच्याकडे वेळ भरपूर आहे असं वाटतं. तसं वाटलं नाही तर रुसायला जमतंच नाही.

सातव्या आठवड्यात गुरुवारी सकाळी फोन आला. फिनियस पहाटे गेला होता.

जायरोसने कपड्यांच्या ढिगाखालून ती पँट काढली आणि पहिल्यांदा नीट टेप लावला. आधीचे तीनही टाके त्याच्याच हातचे. शेवटच्या मापाला कंबर पोराच्या गणवेशाएवढी उरत होती. माप तो रोज घेतो, मापावर पोट भरतो. तीनदा हा माणूस त्याच्या टेपमधून आटत गेला, चौथ्यांदा नुसती पँट आली आणि चारही वेळा जायरोसने विनोद केला. जायरोस टपरीची फळी आतून लावून बसला आणि स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या त्याने सोकोलाही कधी घातल्या नव्हत्या.

शनिवारी झाकाला दफन होतं. जायरोस शुक्रवारीच पोचला, खड्डा खणायला तो पहिला उतरला. अंगणात चुली पेटल्या होत्या, बायका मक्याच्या पिठाचा घट्ट साड्झा घोटत होत्या, ढोल वाजत होते. आंब्याखाली मास्विंगोहून आलेली जुन्या विद्यार्थ्यांची टोळी मोबाइलभोवती गोळा झाली होती. मोबाइलमधून फिनियसचा आवाज येत होता. पाहुणा यकृतातला, बायकोच्या माहेरचा. आणि त्यामागून ते दोनशे माणसांचं हसणं. पाहणाऱ्यांपैकी कुणी हसत नव्हतं आता. एका बाईने उठून तो मोबाइल बंद करायला लावला.

शनिवारी सकाळी पेटी अंगणात आणली, तेव्हा कुंडाईच्या आईने नवऱ्याचा कोट आणून जायरोसच्या हातात दिला. तशी रीतच आहे. पण ती कोट सोडेना.

"भाऊजी, त्या दिवशी गाडीत त्यांनी एकच गोष्ट विचारली. किती लोक आले, काय म्हणाले, काही नाही. म्हणाले, शुंबा हसला का? मला तिथून दिसला नाही."

जायरोसने खाली बघत कोटाची बाही मुठीत धरली.

"दिसला होता त्यांना. मी काय म्हणते ते ऐकायचं होतं. मी म्हटलं, हसले की, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते म्हणाले, मग झालं. त्यानंतर मला रोज विचारायचे, कसा हसला सांग. मी रोज नवीन काहीतरी सांगायची. पोट धरून, आत्यांच्या खांद्यावर डोकं टेकून. कालपरवापर्यंत." तिने कोट सोडला. "तुमचा रुसवा होता, म्हणून मला खोटं बोलावं लागलं. आता तुमचं तुम्ही बघा."

ढोल थांबले. सगळं अंगण जायरोसकडे बघायला लागलं.

त्याने कोट घातला. एक हात मागे नेऊन कोपर धरलं आणि पेटीभोवती चालला. थोडंसं हसू आलं. त्याने तीनदा घसा खाकरला, हात पुढे केला. कुणी हसलं नाही. त्याने डुलकी घेतली, 'आमेन' म्हटलं. मागून एक विद्यार्थी दुसऱ्याला म्हणाला, "हे सरांनी केलं होतं की. जास्त भारी केलं होतं." कुजबुजला, पण अंगण शांत होतं, सगळ्यांना ऐकू गेलं. फिनियसचा थोरला भाऊ, कॉसमस, स्टुलावर बसून काठीने माती उकरत होता. त्याने मान वर करून पाहिलं. साहविराला पेटीसमोर शब्द सुचू नयेत, ही त्या घराची अब्रू जाण्यासारखी गोष्ट.

गाय करून उपयोग नव्हता. गाय सगळ्यांनी पाहिली होती.

जायरोस पेटीजवळ थांबला. मग त्याने एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर दमल्यासारखा बसला, पाय पसरून, कपाळाचा घाम पुसत. सोकोच्या आवाजात म्हणाला, "शुंबा, हसलास का?"

उठला, दोन पावलं समोर गेला, कोटाचा गळा उघडला, हाताची घडी घातली, गाल फुगवले आणि भिंतीकडे बघितलं. स्वतः झाला. अंगणात पहिल्यांदा खसखस पिकली. ते फुगलेलं तोंड सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

"माझ्या तोंडचा घास काढलास! मेलास की मला बोलावू नकोस!"

आता बायका हसायला लागल्या. तो परत खुर्चीत जाऊन सोको झाला. "अरे, मी मरतोय म्हणून तर आधी करून घेतलं. खेळात सांगितलं ना, यकृतात पाहुणा आहे म्हणून?"

उठून पुन्हा जायरोस. "मला कुठे ऐकू आलं? मी भिंत बघत होतो. फार सुंदर भिंत होती."

अंगण गडगडलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, ढोलवाल्याने मध्येच ढोलावर थाप दिली. जायरोसने पँटची गोष्ट केली, ती कपड्यांच्या ढिगाखाली कशी सात फूट खोल गेली, त्याहून खोल खड्डा आज त्याला स्वतःला खणावा लागला. वहिनींना दारात कसं उभं केलं, मशिन कसं थांबवलं नाही. एकेका वाक्याला हसू चढत गेलं. फक्त कुंडाईची आई हसत नव्हती आणि एस्नाथआत्या तिचा हात धरून बसली होती.

शेवटी तो पेटीपाशी आला. झाकणावर वाकला, आत कुणी बहिरं असल्यासारखा.

"सोको, वहिनींनी तुला सांगितलं मी पोट धरून हसलो. खोटं आहे ते. मी हसलोच नाही. मी जळत होतो रे. मेल्यावर तुझी नक्कल करून मोठा होणार होतो मी, आणि तू जिवंतपणीच माझ्याहून चांगली केलीस. म्हणून तुला मरायला एकटा सोडला. माफ कर म्हणणार नाही. तू माफ करू नकोस."

असं हसू झाकाच्या त्या अंगणात कुणी कधी ऐकलं नसेल. लोक जमिनीवर बसले, डोळे पुसायला लागले, कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी शिट्ट्या. कॉसमसला काठीचा आधार घ्यावा लागला. दोन दिवस ज्याने डोळ्याला पाणी येऊ दिलं नव्हतं तो आता हसता हसता रडत होता. तो उठून आला आणि जायरोसचा खांदा दाबून धरला.

"याला म्हणतात साहविरा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शेवटपर्यंत एक शब्द खरा बोलला नाही!"

पेटी उचलायची वेळ झाली होती. जायरोसने कोट काढून वहिनींच्या हातात दिला. तिने तो घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. मग तो पेटीच्या पुढच्या कडीपाशी जाऊन उभा राहिला आणि बाकीच्यांची वाट बघू लागला.